कोट पाडला, छावणी राहिली : मुंबई बंदर आणि लष्करी जमिनींचा वाद

मुंबई बंदराचा इतिहास सांगताना गोद्यांची नावे, त्यांच्या उद्घाटनाची वर्षे आणि कापसाच्या व्यापाराचे आकडे हमखास सांगितले जातात. पण या गोद्या, धक्के आणि रेल्वेचे फाटे ज्या जमिनीवर उभे राहिले, ती जमीन आधी कोणाच्या ताब्यात होती आणि ती कशी सुटली, याची चर्चा क्वचितच होते. मुंबई ही मुळात व्यापारी वखार असली तरी तिच्या सर्वांत मोक्याच्या जागा प्रथम तटबंदीने, नंतर छावणीने आणि पुढे आरमारी गोदीने व्यापल्या होत्या. बंदर वाढवायचे तर लष्कराला हलवणे भाग होते. लष्कर काही ठिकाणी हलले, काही ठिकाणी मोबदला घेऊन हलले आणि काही ठिकाणी मुळीच हलले नाही. आजच्या दक्षिण मुंबईचा नकाशा बऱ्याच अंशी या तीन उत्तरांतून तयार झाला आहे, आणि उपनगरांतील रहिवाशांनाही या वादाचे पडसाद आजवर ऐकू येत आहेत.

साष्टीकडे रोखलेल्या तोफा

ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई बेट १६६८ मध्ये मिळाले. त्यानंतर गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१५ नंतर, गावाभोवती भक्कम तट उभारण्यात आला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे त्याचे तीन प्रमुख दरवाजे. मराठी माणसाच्या तोंडी या भागाचे नाव साधे होते : कोट.

या कोटाचा धाक कोणासाठी होता, हे समजून घेण्यासाठी आजच्या उपनगरांकडे पाहावे लागते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे साष्टी बेटावरची. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचा अंमल सुरू झाल्याने मुंबईतील इंग्रज आणि व्यापारी दोघेही हादरले. कोटाभोवती खंदक खोदण्याचे काम याच भीतीतून हाती घेतले गेले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी दिली. शहराच्या संरक्षणाचा खर्च नागरिकांनी उचलायचा आणि त्या संरक्षणासाठी घेतलेल्या जमिनीवर मात्र नागरिकांचा हक्क उरायचा नाही, या विसंगतीची सुरुवात येथे दिसते.

तटाबाहेर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तोफांच्या माऱ्यापुरती जमीन मोकळी ठेवण्यात आली. हेच एस्प्लनेड मैदान. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद करण्यात आली. तिच्यावर पक्के बांधकाम करण्यास मनाई होती. उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी युरोपीय मंडळी तेथे तात्पुरते बंगले आणि तंबू उभारत, पण पावसाळ्यापूर्वी ते उतरवून घ्यावे लागत. दक्षिणेकडे कुलाबा बेट १७९६ मध्ये छावणी म्हणून राखून ठेवण्यात आले आणि तेथील खासगी बांधकामाला आळा बसला. अशा रीतीने अठरावे शतक संपताना कोट, मैदान, डोंगरीचा किल्ला म्हणजेच फोर्ट जॉर्ज, आरमारी गोदी आणि कुलाबा अशी जवळजवळ सलग लष्करी साखळी शहराच्या दक्षिण टोकाला तयार झाली होती. व्यापाऱ्यांच्या वाट्याला या साखळीच्या फटींत बसणारे छोटे बंदर आणि धक्के येत. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा धक्का हे त्या काळातील खासगी उद्योगाचे ठळक उदाहरण होय.

१८६२ : तट पाडण्याचा निर्णय

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्या शत्रूसाठी तट उभारला तो शत्रूच उरला नाही. तरीही तट पुढे चार दशकांहून अधिक काळ उभा राहिला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली. ज्या साष्टीच्या भीतीने तट बांधला त्याच साष्टीतून माल आणि माणसे शहरात येऊ लागली, परंतु कोटात शिरताना त्यांना जुने अरुंद दरवाजेच ओलांडावे लागत.

लष्कराची बाजू अगदीच निराधार नव्हती. मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांचे मुख्य आरमारी ठाणे होते, शस्त्रागार किल्ल्यात होते आणि १८५७ च्या उठावाची आठवण ताजी होती. दुसऱ्या बाजूला लांब पल्ल्याच्या तोफांपुढे जुना तट टिकणार नाही, हे अभियंते सांगत होते. खंदकातील साचलेल्या पाण्याने रोगराई पसरते, ही डॉक्टरांची तक्रार होती. कोटातील जागा अपुरी पडते, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते.

हा पेच सर बार्टल फ्रिअर यांनी सोडवला. १८६२ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या सरकारने तट पाडण्याचा निर्णय अमलात आणला. त्यासाठी तट हटविण्याची स्वतंत्र समिती नेमण्यात आली आणि जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाकडे मोकळ्या होणाऱ्या जागेची आखणी सोपविण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विकून शहराच्या सार्वजनिक इमारतींसाठी पैसा उभा करण्यात आला. सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, तार कार्यालय या इमारतींची रांग याच लष्करी पट्टीवर उभी राहिली. चर्च गेटच्या जागी फ्लोरा फाउंटन आले. डोंगरीच्या किल्ल्याच्या जागी पुढे सेंट जॉर्ज रुग्णालय झाले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते शहराचे हे रूप पालटत असतानाच.

मात्र हे हस्तांतर सरसकट नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे. तट गेला, पण किल्ल्याचा गाभा, शस्त्रागार आणि आरमारी गोदी लष्कराकडेच राहिली. मैदानाचे तुकडे झाले, परंतु ते पूर्णपणे बांधकामासाठी खुले झाले नाहीत. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज मैदाने ही त्या तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्टीचे अवशेष आहेत. मरीन लाइन्स या स्थानकाच्या नावातही तेथील मरीन बटालियनच्या वस्तीची खूण शिल्लक आहे.

किनारा कोणाचा?

लष्कर एका बाजूने मागे सरकत असताना दुसऱ्या बाजूने खासगी कंपन्या समुद्रात पुढे सरकत होत्या. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने सरकारशी करार केला. जी. आय. पी. रेल्वेच्या स्थानकासाठी सरकारला शंभर एकर भराव घालून द्यायचा आणि त्या बदल्यात स्वतःसाठी अडीचशे एकर किनारा भरून काढण्याचा हक्क मिळवायचा, असा तो व्यवहार होता. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला आणि बॅकबे रेक्लमेशन कंपनीसारख्या कंपन्या धुळीला मिळाल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई ही युरोपच्या अधिक जवळ आली. अशा वेळी बंदराचा सर्वोत्तम किनारा एका खासगी कंपनीच्या हाती राहणे सरकारला धोक्याचे वाटू लागले. अखेर १८७० पर्यंत सरकारने एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता विकत घेतली.

याच मालमत्तेच्या पायावर १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्याचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड हे लष्करी अभियंते होते. लष्कर आणि बंदर यांच्यातील वाद म्हणजे गणवेशातील आणि साध्या वेशातील माणसांचा वाद नव्हता, हे यावरून लक्षात येते. गोदीचा नकाशा काढणारे आणि छावणीची हद्द आखणारे बहुधा एकाच दलातून आलेले असत. वाद माणसांचा नव्हता, खात्यांचा होता. प्रत्येक खात्याचा खजिना वेगळा होता आणि भविष्याचा हिशोबही वेगळा होता.

पोर्ट ट्रस्टला प्रारंभी खासगी धक्केवाल्यांशी स्पर्धा करावी लागली. १८७९ च्या नव्या कायद्याने त्याचे अधिकार वाढले. त्याच वर्षी कुलाब्याच्या छावणीलगतचा, १८७५ मध्ये बांधलेला ससून डॉकही ट्रस्टने घेतला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला.

उत्तरेकडे सरकलेले बंदर

या तिन्ही गोद्यांच्या जागा नकाशावर पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही जुन्या किल्ल्याच्या आणि आरमारी गोदीच्या उत्तरेला आहेत. अपोलो बंदर ते बॅलार्ड पियर यांच्या दरम्यानचा, बंदराच्या तोंडाशी असलेला किनारा मात्र व्यापारी बंदराला मिळाला नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३५ मध्ये सुरतेहून आले तेव्हापासून तेथे जहाजबांधणी होत होती. कंपनीचे आरमार १८६३ मध्ये मोडीत काढण्यात आले, तरी ती गोदी आरमारी उपयोगातच राहिली. पुढे ती रॉयल इंडियन मरीनकडे आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाकडे गेली. जुना किल्लाही आज नौदलाच्याच ताब्यात आहे.

परिणामी बंदराने उत्तरेचा रस्ता धरला. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातील माती टाकून बॅलार्ड इस्टेटची सुमारे २२ एकर जमीन तयार झाली. १९०८ ते १९१२ या काळात माझगाव आणि शिवडी यांच्या दरम्यान ५८३ एकरांचा भराव घालण्यात आला. कुलाब्यातील कापसाचा बाजार पुढे शिवडीला हलला आणि कॉटन ग्रीन हे नाव त्याच्याबरोबर उत्तरेला आले. लष्कराकडून जमीन सोडवून घेण्यापेक्षा समुद्राकडून ती मिळवणे सोपे, असाच जणू या साऱ्या व्यवहाराचा निष्कर्ष होता.

निर्णय मुंबईत नाही, सिमल्यात

१८६२ मध्ये फ्रिअर यांना जे जमले ते त्यांच्या नंतरच्या गव्हर्नरांना अवघड का गेले, याचे उत्तर राज्यकारभाराच्या बदललेल्या रचनेत आहे. फ्रिअर यांच्या काळी मुंबई इलाख्याचे स्वतःचे सैन्य होते. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांची स्वतंत्र सैन्ये संपुष्टात आली आणि एकच हिंदी सैन्य झाले. त्यानंतर मुंबईतील छावणीच्या एखाद्या तुकड्यासाठीही हिंदुस्थान सरकारच्या लष्करी खात्याची मान्यता आवश्यक झाली. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांत आणि केंद्र यांचे हिशोब वेगळे झाले. जमीन महसूल प्रांताचा आणि संरक्षण केंद्राचे, अशी विभागणी झाल्यावर लष्कराची जमीन प्रांताला आणि प्रांताची जमीन लष्कराला हा सरळसरळ खरेदीविक्रीचा व्यवहार बनला.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण बॅकबेचे आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खाते स्थापन केले. मुंबई उपनगर जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला. बी. डी. डी. चाळी, साष्टीतील वसाहतींच्या योजना आणि बॅकबेचा भराव ही सारी कामे याच खात्याची. बॅकबेत आठ विभागांत मिळून १,१४५ एकर जमीन निर्माण करण्याचा बेत होता. गर्दीने गुदमरलेल्या शहराला मोकळी जागा मिळेल, असे त्याचे समर्थन होते. समुद्राच्या भिंतीतून भरावाचा गाळ वाहून जाऊ लागला, खर्चाचे अंदाज कोलमडले आणि योजना ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणून हेटाळली गेली. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कायदे मंडळात आणि बाहेरही कारभाराचे वाभाडे काढले. हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली आणि मधले चार विभाग सोडून देण्यात आले.

प्रत्यक्षात सुमारे ४४० एकर जमीन तयार झाली. त्यांपैकी सुमारे २३५ एकर, म्हणजे निम्म्याहून अधिक, कुलाब्याच्या छावणीला लागून असल्याने लष्कराला विकण्यात आली. तोट्यातील योजनेला यामुळे खात्रीचा ग्राहक मिळाला, हे खरे. पण नागरिकांच्या घरांसाठी म्हणून सुरू झालेल्या भरावाचा मोठा वाटा शेवटी छावणीच्या पदरात पडला. १८६२ मध्ये लष्कराची जमीन शहराकडे आली होती. साठ-सत्तर वर्षांनी प्रवाह उलटा फिरला.

इतर बंदरांचे अनुभव

असा पेच केवळ मुंबईपुरता नव्हता. कलकत्त्यात फोर्ट विल्यमभोवतीचे विस्तीर्ण मैदान तोफांच्या माऱ्यासाठीच मोकळे ठेवले गेले होते. तो किल्ला पाडला गेला नाही आणि मैदान आजही लष्कराच्या अखत्यारीत आहे. मुंबईने तट पाडून इमारती मिळवल्या, तर कलकत्त्याने किल्ला राखून मोकळी हवा राखली, असे म्हणता येईल. हाँगकाँगमध्ये १८९० च्या दशकात मध्यवर्ती किनाऱ्यावर मोठा भराव घालण्यात आला. परंतु नौदलाची गोदी आणि लष्करी जमीन मध्ये आल्याने किनाऱ्याचा रस्ता सलग होऊ शकला नाही. पूर्वेकडचा भराव १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे करावा लागला. ती गोदी १९५९ मध्ये बंद झाल्यावरच शहराचे दोन भाग नीट जोडले गेले.

लष्करी उपयोग आणि व्यापारी बंदर यांचे सान्निध्य किती महाग पडू शकते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी अनुभवले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र घेऊन उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली आणि गोदीलगतच्या वस्त्या जळून गेल्या. लष्कराला बंदर हवे असते, पण लष्कराचा माल बंदरात असणे नागरिकांना परवडत नाही, ही या वादाची दुसरी बाजू.

वारसा वादांचा

स्वातंत्र्यानंतर मालकीचा प्रश्न संपला नाही, उलट तो कायद्याच्या भाषेत पक्का झाला. १९३५ च्या कायद्याने आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २९४ ने सरकारी मालमत्तेची केंद्र आणि राज्य यांत विभागणी केली. मालमत्ता कोणत्या सरकारच्या प्रयोजनासाठी होती, हा तिचा मुख्य निकष. त्यामुळे जुनी सनद, विक्रीचा कागद, नकाशावरील रेघ आणि प्रत्यक्ष ताबा यांत तफावत असेल तेथे वाद अटळ ठरला. कुलाब्यातील आदर्श इमारतीच्या प्रकरणात हेच घडले. बॅकबेच्या सहाव्या विभागातील तो भूखंड संरक्षण खात्याचा की राज्याचा, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. न्या. जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१२ च्या अंतरिम अहवालात जमीन राज्याची असल्याचा निष्कर्ष काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला आणि त्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली.

बंदर आणि नौदल यांच्यातील ताणही अधूनमधून उफाळतो. मलबार हिलजवळच्या तरंगत्या जेटीला नौदलाने आक्षेप घेतल्यानंतर २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय नौकानयनमंत्री नितीन गडकरी यांनी दक्षिण मुंबईत नौदलाला घरांसाठी इंचभरही जागा देणार नाही, अशा आशयाचे जाहीर विधान केले होते. शब्द नवे असले तरी प्रश्न जुना होता : किनाऱ्यावर पहिला हक्क संरक्षणाचा की शहराचा? दरम्यान व्यापारी बंदराचा मोठा भार १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराने उचलला. जुने बंदर उत्तरेला सरकले होते, नवे बंदर खाडीपलीकडे गेले.

उपनगरांच्या दारात

दुसऱ्या महायुद्धाने लष्करी जमिनींचा प्रश्न साष्टीत आणून ठेवला. सांताक्रूझचा हवाई तळ युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या वापरात होता आणि स्वातंत्र्यानंतर तो नागरी विमानवाहतुकीकडे आला. अंधेरी-विलेपार्ल्याच्या वाढीला या एका हस्तांतराने जी गती दिली, ती पाहता फोर्टचा तट पाडण्याच्या निर्णयाशी त्याची तुलना करता येईल. सगळीकडे मात्र असे झाले नाही. कांदिवली-मालाड येथील केंद्रीय आयुध भांडार आणि घाटकोपर येथील नौदलाचे साहित्य भांडार आपापल्या जागी राहिले आणि त्यांच्याभोवती शहर वाढत गेले.

लष्करी ठाण्याभोवतीच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध घालण्याची तरतूद १९०३ च्या संरक्षणविषयक बांधकाम कायद्यात आहे. तिच्यामागील कल्पना एस्प्लनेड मैदानाचीच : ठाण्याभोवती मोकळी पट्टी हवी. संरक्षण मंत्रालयाने २०११ मध्ये लष्करी आस्थापनांलगतच्या बांधकामांसाठी ना हरकत दाखल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा कांदिवली, मालाड, घाटकोपर येथील अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडकला. २०१६ मध्ये या अंतरांत बदल करण्यात आला, तरी अनेक गृहनिर्माण संस्थांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. या कुटुंबांच्या दृष्टीने वसाहतकालीन कायदा हा इतिहास नाही. गळक्या छताखाली आणखी किती पावसाळे काढायचे, हे त्यावर ठरते.

दीडशे वर्षांच्या या व्यवहारांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. लष्कराने जमीन सोडली ती मुख्यतः तिची संरक्षणाची गरज संपल्याचे मान्य झाल्यावर आणि निर्णय घेणारी सत्ता एका ठिकाणी असताना. सत्ता विभागली गेली तेव्हा प्रश्न गरजेचा न राहता किमतीचा आणि कागदपत्रांचा झाला. आणि प्रत्येक वेळी, खंदकासाठी वर्गणी देणाऱ्या व्यापाऱ्यांपासून पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या रहिवाशांपर्यंत, ज्यांच्या संरक्षणाच्या नावाने जमीन राखली गेली त्यांचा शब्द निर्णयात शेवटी ऐकला गेला. १८६२ मध्ये हद्दीच्या भिंती हटवण्यासाठी एक समिती आणि एक आखणी पुरेशी ठरली होती. आजच्या हद्दी ठरवायच्या तर केंद्र, राज्य, महापालिका, बंदर प्राधिकरण आणि संरक्षण खाते यांना एका टेबलाभोवती बसावे लागेल, आणि त्या टेबलावर रहिवाशांसाठीही एक खुर्ची ठेवावी लागेल.